बिल्ला नंबर २६२२

आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. ते परळच्या एका गिरणीत साच्यावर कामाला होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाहून ऐन तिशीत मुंबईला आले आणि १९५६च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्यामागे जे उरलं ते एका पत्र्याच्या पेटीत मावलं. दोन धोतरं, एक पोथी, गावच्या जमिनीचे कागद आणि गिरणीचा पितळी बिल्ला. बिल्ल्यावर नाव नाही, फक्त नंबर आहे. आज ती पेटी माझ्याकडे आहे. आजोबा दिसायला कसे होते, असं वडिलांना विचारलं की ते दोनच गोष्टी सांगत : उंच होते, आणि डाव्या भुवईवर वार होता.

आजीचा फोटोलाच विरोध होता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं ती म्हणायची. कुणी कॅमेरा काढला की पदर तोंडावर घ्यायची. पण खरं कारण बहुधा पैशाचं असावं. रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घ्यायचा म्हणजे स्टुडिओचे पैसे आले. ते चाळीच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे नसत.

हे एवढं घरगुती सांगण्याचं कारण असं की, पुढे जे लिहिलं आहे त्याची सुरुवात इथून झाली. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि छायाचित्रणाचाही नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत बसून आणि जुन्या बाजारात हिंडून जे हाती लागलं त्यावर शिकत आलो. मुंबईच्या जुन्या रस्त्यांचे, मोर्च्यांचे, गिरणी सुटल्यावरच्या गर्दीचे फोटो दिसले की मी भिंग घेऊन एकेक चेहरा बघतो. उंच माणूस, डाव्या भुवईवर वार. तीसेक वर्षं हे चाललं आहे. आजोबा अजून सापडलेले नाहीत. पण शोधता शोधता एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहिला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा, त्याला न विचारता टिपलेला चेहरा कुणाचा असतो? टिपणाऱ्याचा, त्या माणसाचा, की पुढे कधीतरी त्याला शोधत येणाऱ्या नातवाचा?

*

न विचारता फोटो काढण्याआधी तसं काढता येणं शक्य व्हावं लागलं. १८५०-६०च्या दशकांत कॅमेऱ्यासमोर बसणारा माणूस हलला की चित्र बिघडे. ओल्या कोलोडियनची काच तिथल्या तिथे तयार करायची, ओली असेपर्यंत वापरायची आणि लगेच धुवायची. अशा सरंजामात रस्त्यावरच्या माणसाला गुपचूप टिपणं कुणाला सुचलं असतं तरी जमलं नसतं. १८८०च्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात सर्रास मिळू लागल्या आणि सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागलं. १८८८मध्ये कोडॅकचा पहिला कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंचं रीळ आधीच भरलेलं असे. त्याच काळात पुस्तकाच्या, पुडक्याच्या, हॅटच्या आकारात लपवलेले कॅमेरेही निघाले. त्यांना ‘डिटेक्टिव्ह कॅमेरे’ म्हणत.

त्यातला एक कॅमेरा बशीसारखा चपटा आणि गोल होता. तो जाकिटाच्या आत गळ्यात अडकवायचा. भिंग काजातून बटणासारखं बाहेर डोकावे, आणि खिशातून आत गेलेली दोरी ओढली की फोटो निघे. एका गोल काचेवर सहा लहान गोल चित्रं मावत. नॉर्वेच्या राजधानीत, तेव्हाच्या क्रिस्तियानियात, १८९०च्या दशकात कार्ल स्टॉर्मर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने असा कॅमेरा घेतला. कार्ल योहान या हमरस्त्यावर तो हिंडे, समोरून येणाऱ्याला अभिवादन करी आणि दोरी ओढी. असे पाचेकशे फोटो त्याने काढले. त्यांत नाटककार इब्सेनही आहे. हा स्टॉर्मर पुढे मोठा गणिती झाला आणि ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी जगभर ओळखला गेला. आकाशातल्या त्या क्षणिक प्रकाशाचेही त्याने हजारो फोटो काढले. तरुणपणी काढलेली रस्त्यावरची चित्रं लोकांसमोर आली तेव्हा तो म्हातारा झाला होता.

त्या फोटोंतली माणसं स्टुडिओतल्यांसारखी ताठ नाहीत. कुणी हॅट उचलतं आहे, कुणी हसतं आहे, एखादी बाई छत्री सावरते आहे. एकोणिसाव्या शतकातली माणसं चालताना, भेटताना कशी दिसत हे त्यातून कळतं. मात्र या वर्षांतली बहुतेक चित्रं ओळखीच्या किंवा बरोबरीच्या माणसांची होती. अनोळखी आणि गरीब माणसाचा प्रश्न पुढे आला.

*

१९१६. न्यूयॉर्क. पॉल स्ट्रँड तेव्हा सव्वीसच्या आसपासचा होता. शाळेत त्याला फोटोग्राफी शिकवली ती ल्युइस हाइन यांनी. कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून बालमजुरीविरुद्ध लोकमत उभं करणारे ते हाइन. माणसांना कळू न देता त्यांची जवळून चित्रं घ्यावीत असं स्ट्रँडच्या मनात आलं. त्याचा कॅमेरा हातात धरायचा असला तरी चांगला मोठा होता, लपवण्याजोगा नव्हता. म्हणून त्याने कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटं भिंग बसवलं. ते एका दिशेला रोखलेलं असे आणि खरं भिंग काटकोनात, दंडाआडून, दुसऱ्याच माणसाकडे. शहराच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्तीत त्याने अशी काही चित्रं घेतली. थोडीच, पण एकेक चेहरा चौकट भरून.

त्यांतलं एक जगप्रसिद्ध झालं. दगडी भिंतीला टेकून उभी असलेली मध्यमवयीन बाई. एक डोळा मिटल्यासारखा, दुसरा बाजूला वळलेला. गळ्यात पाटी : ‘आंधळी’. पाटीच्या वर छातीवर फेरीवाल्यांना मिळणारा परवान्याचा बिल्ला, त्यावर नंबर २६२२. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाच्या १९१७च्या शेवटच्या अंकात हे चित्र छापून आलं. तोवर ‘कलात्मक’ फोटो म्हणजे धुकं, मऊ रेषा, चित्रासारखा आभास. या चित्रात भिंतीचा दगड दगडासारखा आणि पाटीची अक्षरं खरखरीत. आधुनिक छायाचित्रणाची सुरुवात सांगताना अभ्यासक या चित्रापाशी थांबतात ते यामुळे.

मी हे चित्र पहिल्यांदा एका ग्रंथालयात, जाड पुस्तकात पाहिलं. कलेचा विचार माझ्या मनात नंतर आला. पहिल्यांदा नजर गेली ती बिल्ल्यावर. तिचा नंबर आपल्याला माहीत आहे, चेहरा माहीत आहे, नाव माहीत नाही. आमच्या आजोबांचं नाव माहीत आहे, नंबर माहीत आहे, चेहरा नाही. दोघांनाही शहराने एकेक आकडा दिला होता. तिचा आकडा तेवढा कलेच्या इतिहासात गेला.

आणि एक गोष्ट. डोळस माणसाला फसवायला स्ट्रँडने खोटं भिंग लावलं होतं. या बाईच्या बाबतीत त्याची गरजच नव्हती. तिच्यासमोर कुणी कॅमेरा धरून उभं आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता. रस्त्यावरच्या या सगळ्या कलेतला पेच त्या एका चित्रात आहे. तो तिला पाहतो आहे, त्याच्यामार्फत आपण शंभर वर्षं पाहत आलो आहोत, आणि ती मात्र कुणालाच पाहू शकत नाही.

*

‘कॅमेरा वर्क’चे जुने अंक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात चाळताना हे चित्र वॉकर इव्हान्स या तरुणाला दिसलं, आणि आपल्याला करायचं आहे ते हेच, असं त्याला वाटलं. मंदीच्या काळात सरकारी खात्यासाठी त्याने दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांचे फोटो काढले. १९३६मध्ये अलाबामातल्या तीन कुळांच्या घरी तो आणि लेखक जेम्स एजी राहिले. तिथले गाजलेले चेहरे मोठ्या कॅमेऱ्याने, समोर उभं करून, सांगून घेतलेले आहेत. आणि १९३८मध्ये त्याने अगदी उलट टोक पकडलं.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरासमोर लांब बाकं असत. इव्हान्सने ३५ मिलिमीटरच्या काँटॅक्स कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळे रंगवले. कॅमेरा ओव्हरकोटाखाली छातीवर बांधला. दोन बटणांच्या मधून भिंग डोकावेल अशी सोय केली. कळ दाबायची तार बाहीतून हातापर्यंत आणली. बरोबर बरेचदा हेलन लेव्हिट असे. पुढे ती स्वतः रस्त्यावरच्या मुलांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध झाली. दोघं बोलत बसली आहेत असं दिसलं की कुणाला संशय येत नसे. डब्यातला उजेड मंद. कॅमेऱ्यातून बघता येत नसल्याने चौकट जुळवणं अशक्य. समोर कोण बसेल ते नशिबावर. १९४१पर्यंत सहाशेच्या आसपास निगेटिव्ह जमल्या.

समोर बसलेली माणसं कशी दिसतात? कुणी वर्तमानपत्रात तोंड खुपसलेलं, कुणाची मान कलंडलेली, कुणी कुठेही नसलेल्या ठिकाणी बघत असलेलं. स्टुडिओत माणूस स्वतःचा चेहरा तयार करून आणतो. इथे ती तयारी गळून पडलेली आहे, आणि इव्हान्सला तेच हवं होतं. दादर-ठाणे रोज केलेल्या कुणालाही हे चेहरे ओळखीचे वाटतील. संध्याकाळच्या गाडीत शेजारच्याकडे बघायचं नाही हा आपलाही अलिखित नियम आहे. त्या आडोशामागे माणूस थोडा वेळ एकटा असतो. इव्हान्सने तो आडोसा ओलांडला.

हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. एजीने प्रस्तावना १९४०मध्येच लिहून दिली होती. पण पुस्तक आलं १९६६मध्ये. तोवर त्यातली मोजकीच चित्रं बाहेर आली होती. एजी १९५५मध्येच वारला होता. सहाशेतून एकोणनव्वद चित्रं निवडलेली. कुणाचंही नाव नाही. शीर्षक बायबलमधलं : बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे, या वचनातला पहिला भाग. आपण केलं तो आगाऊपणा होता, आणि मध्ये जाऊ दिलेल्या काळाने त्याची धार कमी व्हावी अशी योजना होती, अशा अर्थाचं इव्हान्सने लिहून ठेवलं आहे. पंचवीस वर्षांत माणसं म्हातारी होतात, काही मरतात, लग्नं मोडतात, नोकऱ्या बदलतात. तेव्हाच्या चेहऱ्यावरून आज कुणाचं बिघडायचं राहत नाही. स्वतःहून इतकी वाट बघणारा छायाचित्रकार दुसरा माझ्या वाचनात नाही.

त्या पुस्तकातलं शेवटचं चित्र डब्याच्या मधल्या वाटेने अकॉर्डियन वाजवत येणाऱ्या आंधळ्या माणसाचं आहे. स्ट्रँडच्या त्या बाईची आठवण ठेवूनच इव्हान्सने ते शेवटी ठेवलं असावं, असं मला वाटतं.

ही चित्रं काळी-पांढरी का, असं तरुण मुलं विचारतात. आज तो आवडीचा प्रश्न आहे, तेव्हा नव्हता. १९३५-३६मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली, पण ती इतकी मंद होती की भुयारी रेल्वेच्या उजेडात तिचा उपयोग नव्हता. काळ्या-पांढऱ्या फिल्मला कमी उजेड पुरे आणि ती घरच्या अंधाऱ्या खोलीत धुता येई. गंमत म्हणजे रंगीत फोटोग्राफीला हलक्या दर्जाची म्हणणाऱ्या इव्हान्सनेच आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हौसेने रंगीत पोलरॉइड काढले.

*

कायदा या प्रश्नाकडे कसा बघत आला? १८९०च्या डिसेंबरात हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या हक्कावरचा निबंध आला. क्षणात निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रं घराच्या आत शिरली आहेत, ही त्यांची तक्रार होती. हा हक्क कायद्याच्या भाषेत मांडला जाण्यामागे हातातला कॅमेरा हे एक थेट कारण होतं. योगायोग असा की हेच ब्रँडाइस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले ते १९१६मध्ये, स्ट्रँडच्या त्या चित्राच्या वर्षी.

मध्यंतरी न्यूयॉर्क राज्यात एक खटला गाजला. एका तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला, पंचवीस हजार प्रतींत. १९०२मध्ये ती खटला हरली. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला : जाहिरात किंवा व्यापारासाठी कुणाचं नाव वा चित्र लेखी संमतीवाचून वापरता येणार नाही. पण कला हा व्यापार आहे का? याचं उत्तर शंभर वर्षांनी आलं. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया याने टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे लपवून, लांबून, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांतल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी दावा लावला. त्यांच्या धर्मश्रद्धेला हे चित्र मान्य नव्हतं. २००६मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. प्रदर्शनातलं चित्र ही कला आहे, विकलं गेलं तरी ती जाहिरात होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्याचा विषय आधार होता, रस्त्यावरचा फोटो नव्हता. त्यामुळे पुतळ्याखाली झोपलेल्या माणसाचा फोटो काढावा की नाही, हे अजून काढणाऱ्याच्या मनावरच आहे.

*

आपल्या मुंबईत विचारून काढलेल्या फोटोंचा इतिहासही फार सरळ नाही. १८५४मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळच्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातिजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६मध्ये काढले. त्यांतली माणसं वेगळी उभी करून टिपलेली आणि मग दुसऱ्याच जागेच्या दृश्यावर चिकटवलेली आहेत. नंतर १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड सरकारने प्रसिद्ध केले. त्यांत बहुतेक चित्रांखाली माणसाचं नाव नाही, जमातीचं आहे. ती माणसं कॅमेऱ्यासमोर बसली होती. पण आपल्याला कशाचा नमुना म्हणून छापणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

म्हणजे नुसती संमती पुरेशी नाही. समोर बसवून काढलेला माणूस जातीचा नमुना होऊ शकतो आणि चोरून टिपलेला माणूस पूर्ण माणूस राहू शकतो. इव्हान्सच्या डब्यातलं कुणीही कशाचाच नमुना नाही. हे त्याच्या बाजूने बोलणारं सगळ्यात मोठं कारण आहे.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९३६मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात मळ्यावरच्या मजुरांच्या तळावर एका आईचा, मुलं बिलगलेला फोटो काढला. मंदीचं प्रतीक म्हणून तो जगभर गेला. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. १९७८मध्ये ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली आणि तिने आपली नाराजी बोलून दाखवली. फोटो सगळ्यांचा झाला, तिच्या हाती काही आलं नाही. पुढे तिच्या आजारपणात लोकांनी तिच्यासाठी पैसे पाठवले ते त्याच फोटोमुळे, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

*

आता माझं सांगतो. १९८८च्या मे महिन्यात मित्राचा क्लिक थ्री कॅमेरा घेऊन मी पुण्यात हिंडत होतो. बारा फोटोंचं रीळ, म्हणून जपून वापरायचं. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एक हमाल भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. टोपी कपाळावर घसरलेली, हात मांडीवर उलटे. मी चार पावलांवरून फोटो घेतला. कळीच्या आवाजाने तो जागा झाला. मला वाटलं आता शिव्या बसणार. तो टोपी सारखी करत म्हणाला, “सायेब, इचारलं असतं तर टोपी तरी नीट केली असती.”

मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. फोटो छान आला. महिन्याभराने एक प्रत घेऊन गेलो, तर तो त्या दिवशी नव्हता. पुन्हा गेलो नाही.

त्याचं ते वाक्य मी इतकी वर्षं घोकतो आहे. खाजगीपणावरचे निबंध, निकाल वाचले, पण त्या वाक्यात जे आहे ते त्यांत मला मिळालं नाही. ‘फोटो काढू नका’ असं तो म्हणाला नाही. आपण जगाला कसं दिसावं यात आपलाही हात असावा, एवढंच त्याचं मागणं होतं. टोपी नीट केल्यावर माझा फोटो बिघडला असता, हेही खरं. मला घसरलेली टोपी हवी होती, त्याला सरळ. चित्र माझं झालं, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.

आणि तरी, उद्या कुणी परळच्या रस्त्यावरचा १९४५चा फोटो माझ्यासमोर ठेवला, त्यात डाव्या भुवईवर वार असलेला उंच माणूस टोपी घसरलेल्या अवस्थेत, थकून, डोळे मिटून बसलेला असला, तर तो चोरून काढला की विचारून, हे मी विचारणार नाही. तो फोटो मी उराशी धरीन. आजोबांना तो आवडला नसता, हे माहीत असूनही. नातू म्हणून माझं उत्तर एक आहे आणि फोटो काढणारा म्हणून दुसरं. इतक्या वर्षांच्या वाचनानंतरही ती दोन उत्तरं मला एक करता आलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फोटोंचे गठ्ठे किलोवर मिळतात. लग्नं, सहली, रस्ते, गर्दी. शेकडा नव्वद फोटोंच्या पाठी कोऱ्या असतात. ठिकाण नाही, साल नाही, नाव नाही. चेहरा वाचला पण त्याला शोधायची वाट बुजली. तुमच्या घरी असे गठ्ठे असतील तर रद्दीत देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन एक दुपार बसा आणि पेन्सिलीने पाठीवर लिहा. शाई नको, ती पुढे उमटते. आणि जे आज मोबाइलवर रस्त्यावरची माणसं टिपतात त्यांनी निदान दिवस आणि जागा नोंदवून ठेवावी. कुणाचा तरी नातू शोधत येईल.

हे लिहायला घेतल्यावर मी त्या हमालाचा फोटो काढला. त्याचीही पाठ कोरी होती. तिच्यावर लिहिलं : ‘स्वारगेट एसटी स्टँड, मे १९८८. हमाल. नाव विचारलं नाही.’ मग तो आजोबांच्या पेटीत, बिल्ल्याशेजारी ठेवला.